काचेतली पर्णिका

मला फक्त एक नाव लिहून हवं होतं. तीन अक्षरं. पाळण्याच्या दांडीला टांगायची दीड फुटी पाटी, तिच्यावर रेशमी कापड, आणि आत्याने बाळाच्या कानात कुर्र केलं की कापड बाजूला. एवढाच बेत. त्यासाठी रास अल खैमातला एक फ्रिज, एक सरकारी कॉम्प्युटर, लाहोरचा एक कातिब आणि शारजातली एकतीस मराठी कुटुंबं कामाला लागतील असं मला वाटलं नव्हतं. राजन, माझा नवरा, म्हणतो, वाटलं असतं तरी तू थांबली नसतीस. राजनचं मनावर घेऊ नका. तो दिवसभर हमरिया फ्री झोनमध्ये असतो आणि संध्याकाळी घरी आल्यावर त्याला सगळंच 'मॅनेजेबल' वाटतं.

सगळं सुरू झालं ते माझ्या मामेबहिणीच्या लग्नपत्रिकेवरून. लग्नाला दोन वर्षं झाली, पण पत्रिका आमच्या फ्रिजवरून उतरली नव्हती, कारण तिच्यावरची अक्षरं. बोरूने लिहिल्यासारखी, जाड, मग बारीक, मग पुन्हा जाड. प्रत्येक अक्षराची शिरोरेषा आपापली, जरा वरखाली, प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या पहिलीतल्या मुलांसारखी. काना खाली उतरता उतरता शेवटाला किंचित वळायचा, एखादी बाई जिना उतरताना निऱ्या सावरते तसा. वेलांटी तर मोकाटच सुटलेली. एका अक्षरावरून निघायची आणि शेजारच्या दोघांवर छत्री धरूनच थांबायची. दूध काढायला फ्रिज उघडावा आणि दार धरून तिथेच उभं राहावं, असं माझं कितीदा तरी झालं. आमच्या विजेच्या बिलात त्या वेलांटीचा वाटा आहे.

पुण्यात माझा भाऊ प्रणव, त्याने छापखान्यात जाऊन चौकशी केली. म्हणाला, "ताई, हा फाँट आहे. नाव दवणा. फ्लॉपीत मिळतो." अक्षर कुणाच्या बोटांत नसून फ्लॉपीत असतं हे ऐकून मी जरा हिरमुसले. मग तो म्हणाला, आधी कुणीतरी हातानेच काढलं, कॉम्प्युटरने नंतर उचललं. तेव्हा जिवाला बरं वाटलं.

पण पाटी इतकी महत्त्वाची का, तर विभाताईंसाठी. विभाताई म्हणजे राजनची मोठी बहीण, विभावरी. पुण्यात शाळेत गणित शिकवतात. पाच वर्षांपूर्वी आमच्या अथर्वच्या बारशाला त्यांचा व्हिसा वेळेत आला नाही. मग असं ठरलं की कुर्र त्यांनी फोनवरून करायचं. बारा दिवसांच्या अथर्वच्या कानाला रिसीव्हर लावला. पुण्याहून "कु" आलं आणि लाइन गेली. उरलेलं कुर्र वरच्या मजल्यावरच्या सवितावहिनींनी करून टाकलं, कारण घुगऱ्या गार होत होत्या. विभाताई कधी रागावल्या नाहीत. फक्त नंतर दर फोनच्या शेवटी म्हणायच्या, "माझं कुर्र अजून वायरीत अडकलंय हं, राजन."

म्हणून मुलीचं बारसं बाराव्या दिवशी न करता ब्याण्णवाव्या दिवशी करायचं ठरलं. विभाताईंना व्हिसा, त्यांना शाळेची रजा, आणि हॉल म्हणून वापरायला आमचाच हॉल, असं सगळं जुळून शुक्रवार, वीस नोव्हेंबर उजाडणार होता. नावही त्यांनीच निवडलं आणि पत्रातून कळवलं: पर्णिका. खाली लाल शाईने दोन रेघा मारून लिहिलं होतं, "फक्त तुम्हा दोघांना. अथर्वलासुद्धा नाही. मी सांगेपर्यंत कुणाच्या कानावर जायला नको. एवढं एक माझ्यासाठी." जन्मदाखल्यावर आणि पासपोर्टवर नाव घालावंच लागलं, पण ते कागद मी साड्यांच्या खाली दडवले आणि तीन महिने पोरीला 'बाळी' म्हणत राहिले.

पाटीचा विषय निघाल्यावर सल्ले आलेच. सवितावहिनी म्हणाल्या, "कशाला गं एवढं, अनुराधा? थर्मोकोल काप, चमकी लाव, झालं." त्यांचे यजमान वसंतराव एसीच्या डक्टिंगचे कंत्राटदार. ते म्हणाले, "मी पत्र्यात कापून देतो. गॅल्व्हनाइज्ड. पन्नास वर्षं गंजणार नाही." मी म्हटलं, मुलगी पाळण्यात सहा महिनेसुद्धा राहायची नाही. तर म्हणतात, "क्वालिटी म्हणून काही असतं की नाही?"

इथली रीत अशी, की भारतातून काही आणायचं असेल तर पोस्टाच्या आधी 'कोण येतंय?' हे विचारायचं. रास अल खैमातल्या टाइल्सच्या कारखान्यातले राजाभाऊ पुण्याहून परत येत होते. प्रणवने फ्लॉपी त्यांच्याकडे दिली. शुक्रवारी आम्ही दीड तास गाडी हाकत, वाटेत बाळीसाठी दोनदा थांबत, त्यांच्याकडे पोचलो. राजाभाऊंनी पोहे खायला घातले, टाइल्सचे नमुने दाखवले, आणि म्हणाले, "तुमची वस्तू अगदी सांभाळून ठेवलीय."

फ्लॉपी फ्रिजवर होती. बरोबरच आहे. आखाती देशांतला मराठी माणूस महत्त्वाचं जे जे असेल ते फ्रिजवर लावतो. अरबी कॉफीच्या किटलीच्या आकाराच्या एका मोठ्या चुंबकाखाली आमचा दवणा आठ दिवस चिकटून बसला होता.

राजनच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. लोहचुंबकाखाली फ्लॉपी ठेवणं म्हणजे पाटीवरचं लिखाण ओल्या फडक्याखाली जपण्यासारखं.

"काय झालं?" राजाभाऊ म्हणाले. "पडू नये म्हणून मागच्या बाजूलाही एक लावलाय."

घरी येऊन बघितलं. फ्लॉपी कोरी, नुकत्याच न्हालेल्या बाळासारखी.

दुसरी फ्लॉपी पोस्टाने आली, म्हणजे तिची चिठ्ठी आली. पार्सलच्या काउंटरवर आखाती पांढऱ्या झग्यातले एक अधिकारी बसले होते. माझ्या कडेवर बाळी, हाताला अथर्व. त्यांनी फ्लॉपी उलटीसुलटी केली.

"इसमें क्या है, मॅडम? पिक्चर? फिल्म?"

"अक्षर. मतलब, लिखावट," मी म्हटलं.

"किसकी लिखावट?"

आता याचं काय उत्तर द्यायचं? अजून काहीच लिहिलेलं नाही पण लिहिलं तर फार सुंदर दिसेल, हे हिंदीत सांगताना माझी दमछाक झाली. शेवटी त्यांनी कॉम्प्युटरवाल्या माणसाला बोलावलं. त्याने फाँट आत घातला आणि अधिकाऱ्यांनी दोन बोटांनी आपलं नाव इंग्रजीत टाइप केलं. इंग्रजी कळ दाबली की मराठी अक्षर उमटतं, पण कुठल्या कळीला कुठलं, हे तो फाँट करणाऱ्यालाच माहीत. पडद्यावर जे उमटलं ते कुठल्याही भाषेत वाचता आलं नसतं. पण काय दिसत होतं ते! अर्थ काही नसतानासुद्धा दवण्याने त्या अक्षरांना लग्नात मिरवणाऱ्या वरमाईचा डौल दिला होता.

अधिकारी खुर्चीत मागे रेलले. "माशाल्ला," म्हणाले, "बहुत खूबसूरत लिखावट है. ये मेरा नाम है?"

मी अथर्वकडे बघितलं. अथर्वने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "हां."

खोटं बोलले, खरं आहे. पण त्यांनी त्याची प्रिंट काढून काचेवर लावली, माझ्या कागदावर शिक्का मारला आणि "खलास, यल्ला," म्हणत आम्हाला मोकळं केलं. ती प्रिंट अजून तिथे असेल. वाचणाऱ्या मराठी माणसाने कृपा करून काही बोलू नये.

आता पाटी कुठे करायची? रोला बाजारात दोन मराठी माणसांची छपाईची दुकानं होती, म्हणजे तिथे जायचं नाही. तिथे सकाळी नाव दिलं तर दुपारपर्यंत अजमानला पोचलं असतं. मी फार विचार केला आणि मला जी युक्ती सुचली तिचा मला चार दिवस अतिशय अभिमान वाटला. ज्याला देवनागरी वाचताच येत नाही, अशा माणसाकडे जायचं!

मुश्ताकभाईंचं साइनबोर्डचं दुकान रोलाच्या कोपऱ्यावर. मूळचे लाहोरचे, पिढीजात कातिब, म्हणजे सुंदर अक्षर काढणारे. हल्ली कॉम्प्युटर आणि रंगीत चिकटकागद कापायचं मशीन घेतलेलं, पण टेबलावर पेल्यात बांबूच्या लेखण्या. त्यांनी दवण्याची तीन अक्षरं पडद्यावर आणली आणि चष्मा काढून पुसला.

"बाजी, ये जिसने लिखा है, उसका क़लम तिरछा कटा हुआ था," ते म्हणाले; बाजी म्हणजे त्यांच्याकडची ताई. "ये देखिए, यहाँ उसने क़लम घुमाया नहीं, कलाई घुमाई है."

त्यांनी पेल्यातली एक लेखणी काढून दाखवली. माझ्या आजोळी कोनाड्यात असायचा तसाच बोरू. टोक तसंच तिरकं. त्यांचं लिखाण उजवीकडून डावीकडे, आमचं डावीकडून उजवीकडे, पण वाटेत कुठेतरी दोघांनी एकाच बेटाचा बांबू तोडला असणार.

"इसका मतलब क्या है?" त्यांनी विचारलं.

इथे मी चूक केली. "मतलब कुछ नहीं," मी म्हटलं. "डिज़ाइन है."

"सुभानअल्लाह," मुश्ताकभाई म्हणाले. "बग़ैर मतलब के इतना हुस्न."

अक्षरांखाली मी एक छोटा पाळणा काढायला सांगितला. साठ दिरहम, म्हणजे सातशे रुपये, हे मी दुकानातच मोठ्याने म्हटलं आणि अथर्व म्हणाला, "आई, स्टॉप कन्व्हर्टिंग." मग त्यानेही मान वाकडी करून अक्षरांकडे बघितलं. "इट लुक्स लाइक अ ट्रेन. विथ स्मोक." बघितलं तर खरंच. तीन डबे, मधल्यावरून वेलांटीचा आणि रफाराचा धूर मागे उडालेला. पाच वर्षांचा मुलगा, मराठी वाचता येत नाही, पण अक्षराला वेग असतो हे त्याला दिसलं. मला त्याचा पापा घ्यायचा होता, पण तो भर दुकानात घेऊ देत नाही.

तेरा तारखेला विभाताई आल्या. बाळीला मांडीवर घेतलं. मग तिच्या कानाची पाळी दोन बोटांत धरून म्हणाल्या, "जागा बघून ठेवते." रविवारी संध्याकाळी राजन त्यांना कढीपत्ता आणायला म्हणून रोलाला घेऊन गेला. दोघं दीड तासाने रिकाम्या हाताने आले. "संपला होता," राजन म्हणाला. "संपला होता," विभाताईही म्हणाल्या. मी म्हटलं, असेल.

मंगळवारी सकाळी मी बाळीची बाबागाडी ढकलत पाटी आणायला निघाले. मुश्ताकभाईंच्या दुकानाला रस्त्याकडे मोठी काच आहे. त्या काचेत, किरमिजी रंगावर सोनेरी, चांगल्या चार फुटी पाटीवर, दिव्याच्या झोतात उभी होती: पर्णिका. खाली पाळणा.

खरं सांगते, पहिलं मिनिटभर मला भीती वाटलीच नाही. मी नुसती बघत राहिले. कागदावर बोटाएवढा असलेला काना इथे माझ्या दंडाएवढा होता आणि तरी तितकाच नाजूक. मशीनने जिथे वळणं बोथट केली असतील तिथे मुश्ताकभाईंनी हाताने पुन्हा धार लावली होती. वेलांटी शेजारच्या अक्षरांवर अशी काही झुकली होती, की मी नकळत बाबागाडीचं छत सारखं केलं. माझ्या मुलीचं नाव! एवढं मोठं, एवढं देखणं!

मग लक्षात आलं, की शेजारचं दुकान भाजीवाल्याचं आहे. ताजा कढीपत्ता, अळू आणि आंबेहळद रोलात फक्त तिथे मिळते. म्हणजे शारजातलं प्रत्येक मराठी घर आठवड्यातून एकदा या काचेसमोरून जातं.

"आठ दिन से लगाया है, बाजी," मुश्ताकभाई आनंदाने म्हणाले. "मेरी दुकान का सबसे अच्छा काम. आपके लोग रुक-रुक के देखते हैं. मुस्कुराते भी हैं."

मी बाबागाडीचा दांडा धरून सगळं सांगितलं. आत्या, वायरीत अडकलेलं कुर्र, लाल शाईच्या दोन रेघा. त्यांचा चेहरा उतरला.

"नाम था?" ते म्हणाले. "बाजी, आपने फ़रमाया डिज़ाइन है. नाम होता तो मैं पूछे बग़ैर न लगाता. नाम तो अमानत होता है."

 ज्याला वाचता येत नाही म्हणून निवडला, त्याच्यापासून लपवलं, आणि लपवलं म्हणूनच त्याने उघड्यावर मांडलं. स्वतःच्या हुशारीने इतकं व्यवस्थित गाढव बनलेलं मी दुसरं कुणी बघितलेलं नाही. मुश्ताकभाईंनी माझी छोटी पाटी हातात दिली, मग स्वतः स्टुलावर चढून काचेतली मोठी उतरवली आणि चादरीत गुंडाळली, झोपलेलं मूल उचलावं तशी.

घरी आल्यावर विभाताईंना न्हाणीघरात गेलेलं बघून मी इथल्या मराठी मंडळाची फोन-यादी काढली. एकतीस घरं. पहिला फोन सवितावहिनींना.

"वहिनी, तुम्ही रोलाला काही बघितलंत का?"

"पर्णिका ना? अगं, गेल्या बुधवारीच बघितलं. मी ह्यांना म्हटलं, नवीन पद्धत दिसतेय, बोर्ड लावून जाहीर करायची."

"विभाताईंना माहीत नाहीये की सगळ्यांना माहीत आहे!"

 मग त्या एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "त्या दिवशी तिचं कुर्र मी केलं होतं. मला अजून लागून राहिलंय. पंधरा घरं मी करते, पंधरा तू कर."

सगळ्यांनी बघितलेलं होतं. सगळ्यांनी शपथा घेतल्या. "कुठलं नाव? आम्ही काही बघितलं नाही. आणि तो रफार काय सुरेख आलाय गं!" प्रत्येक फोनच्या शेवटी अक्षराची मागणी. सवितावहिनींना चकलीच्या पाकिटांवर तेच हवं होतं. एकीला मुलाच्या मुंजीच्या पत्रिकेला, एकीला मंडळाच्या हळदीकुंकवाच्या फलकाला. वसंतरावांना तर व्हॅनच्या दोन्ही बाजूंना 'वातानुकूलन' दवण्यात. "माझ्या धंद्याला जरा सौंदर्य येईल," म्हणाले. "पत्र्यात मी सौंदर्य किती दिवस शोधू?"

उरलेले तीन दिवस मी विभाताईंना रोलाच्या बाजूला फिरकू दिलं नाही. पाटी उतरली होती, पण कुणी वाटेत भेटून अभिनंदन करील याची धास्ती. ऊन फार आहे, गर्दी फार आहे, बाळी तुमच्याशिवाय राहत नाही. त्या सगळ्याला "बरं हं, अनुराधा" म्हणत राहिल्या. इतक्या गरीबपणे, की मला स्वतःचीच लाज वाटायला लागली.

शुक्रवारी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं. विभाताई नऊवारी नेसल्या होत्या, पुण्याहून खास आणलेली. त्या पाळण्यावर वाकल्या, बाळीच्या कानाशी तोंड नेलं, आणि पाच वर्षं वायरीत अडकलेलं कुर्र असं काही सुटलं की बाळी दचकून हसली. बायकांनी विभाताईंच्या पाठीवर धपाटे घातले. सवितावहिनींचा धपाटा सगळ्यांत जोरात आणि डोळे सगळ्यांत ओले.

"वा वा! काय नाव शोधलंय!" मागून वसंतराव ओरडले.

विभाताई हळूच वळल्या. "मी अजून सांगितलं नाही, वसंतराव."

"नाही, म्हणजे... जे असेल ते. तुमची निवड म्हणजे..." सवितावहिनींच्या कोपराने ते वाक्य तिथेच संपलं.

"पर्णिका," विभाताईंनी सांगितलं.

एकतीस कुटुंबांनी एकदम श्वास आत घेतला. "अय्या!" "कित्ती वेगळं!" "कधी ऐकलंच नव्हतं!" राजाभाऊंनी तर चकित होऊन भिंतीला हात टेकला. मी कापड ओढलं. आणि मग हॉल खरोखरच गप्प झाला, कारण त्या अक्षरांपुढे कुणालाच नाटक करावं लागलं नाही.

"दॅट्स द ट्रेन!" अथर्व किंचाळला. "द बिग ट्रेन फ्रॉम मुश्ताक अंकल्स विंडो! आय सॉ इट फ्रॉम माय स्कूल बस!"

 विभाताईंनी शांतपणे त्याच्या तोंडात पेढा कोंबला.

तेवढ्यात दारात मुश्ताकभाई आणि त्यांची बायको जुलेखा, चादरीत गुंडाळलेली मोठी पाटी घेऊन. "अब तो लगा सकते हैं ना, बाजी?" त्यांनी दारातूनच कुजबुजत विचारलं.

विभाताई डिसेंबरात गेल्या. त्यानंतर आठवड्याने राजनच्या कॅमेऱ्यातला रोल धुऊन आला. बाळी झोपली होती, म्हणून मी फोटो घेऊन बसले. पहिला तलावाकाठी अथर्व आणि आत्या. दुसरा मुश्ताकभाईंच्या काचेचा. काचेत सोनेरी पर्णिका, आणि तिच्या शेजारी विभाताई, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, एक तळहात वेलांटीच्या बरोबर खाली, काचेवर टेकलेला, जणू ती कुठे उडून जाईल. दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर. काचेत कॅमेरा धरून वाकलेला राजन स्पष्ट दिसत होता. खाली कोपऱ्यात केशरी आकड्यांत तारीख: '98 11 15.

रविवार. कढीपत्ता संपला होता तो रविवार.

मी तो फोटो होता तसा दोन नंबरला ठेवून दिला. राजन घरी आल्यावर विचारलंच, "कसे आलेत फोटो?"

"छान," मी म्हटलं. "वसंतराव सगळ्यांत डोळे मिटून आहेत."

शुक्रवारी पुण्याला फोन लावला. अथर्व "हाय आत्या" म्हणून पळाला, पर्णिकाने रिसीव्हर चाटला. मग मी घेतला.

"ताई, त्या रोलाच्या दुकानात कढीपत्ता आलाय हं."

पलीकडून काहीच आलं नाही. मला वाटलं, गेली लाइन. मी रिसीव्हर कानावर तसाच दाबून धरला. आणि मग पुण्याहून हसू आलं, आधी थोडं, मग न आवरणारं, अगदी शेवटपर्यंत, मध्ये कुठेही न तुटता.